साडेसातचं ऊन

बिबवेवाडीच्या उतारावरून भर उन्हात मार्केट यार्डाकडे चालत जाणारी बाई सहसा दोनच कारणांनी निघते. घरातलं काहीतरी संपलेलं असतं, नाहीतर घरात कुणाशी तरी वाजलेलं असतं. शालन रामटेके वर्षभर जवळजवळ रोज तशी निघत होती आणि तिचं कारण या दोन्हींत बसणारं नव्हतं. गळ्यात कॅमेरा, डोक्याला सुती ओढणी, खांद्यावरच्या पिशवीला साबणाच्या डबीएवढा एक पांढरा डबा अडकवलेला. रस्त्याकडेला झाड दिसलं, भिंतीची सावली दिसली, उभ्या ट्रकच्या पोटाखालची काळी पट्टी दिसली, की ती थांबायची, फोटो काढायची आणि पुढे जायची. माणसांचे फोटो ती काढत नसे. सावल्यांचे काढायची.

शनिवार पेठेतल्या एका लहानशा गटाने हे काम अंगावर घेतलं होतं. दुपारी पुण्यात पायी जाणाऱ्याला सावली कुठे मिळते आणि त्या सावलीत खरोखर किती गार असतं, याची पाहणी. प्रत्येकाने आपापल्या ठरलेल्या रस्त्यावर, अकरा ते एकच्या दरम्यान कधीही जायचं. पांढरा डबा दर मिनिटाला तापमान, हवेतला दमटपणा आणि आपण नेमके कुठे आहोत ती जागा स्वतःशीच टिपत राहायचा. फोटो कॅमेऱ्यात, आकडे डब्यात. वर्ष संपल्यावर दोन्हींची गाठ घालण्याचं काम तेजसकडे होतं. तेजस हिंजवडीत नोकरी करायचा आणि रविवारी या गटासाठी राबायचा. त्याने त्यासाठी संगणकावर चालणारी एक स्क्रिप्ट, छोटासा प्रोग्रॅम, लिहिली होती. ती प्रत्येक फोटोची वेळ बघायची, त्या वेळेला डब्याने काय टिपलंय ते शोधायची आणि ते आकडे फोटोच्याच पोटात लिहून टाकायची. बाहेरून फोटो होता तसाच दिसे. पण नकाशावर सोडला की आपणहून आपल्या जागी जाऊन बसे.

शालनला हे फार आवडलं होतं. फोटोला आतून आठवण राहते, असं तिने नवऱ्याला सांगितलं.

"आमच्या चष्म्यात पण लिहून घे काहीतरी," बाबुराव म्हणाले. "सकाळपासून सापडत नाहीये."

शालन मूळची भंडाऱ्याची. बी.एस्सी. झाली, टेलिफोन खात्यातल्या बाबुरावांशी लग्न होऊन पुण्याला आली आणि एका शाळेच्या प्रयोगशाळेत साहाय्यक म्हणून लागली. तिथूनच निवृत्त झाली. परीक्षानळ्या धुवायच्या, बाटल्यांवर चिठ्ठ्या डकवायच्या, शेवटचा तास झाला की बर्नर बंद आहेत ना ते तीनदा बघायचं. तिसऱ्यांदा बघणं नोकरीत नव्हतं, ते तिचं स्वतःचं होतं. मुलगी पायल लहान असताना शाळेची बस वळणापलीकडे गेली, की शालन खिडकीत डोळे मिटून बसच्या मागे जायची. आता सिग्नल. आता पूल. आता फाटक, आता वॉचमनकाका. तेवढा वेळ तिच्या हातून काही नीट होत नसे; दूध उतू जायचं, भाजी करपायची. आपण मनाने सोबत गेलो नाही तर ती पिवळी बस मधेच कुठेतरी हवेत विरून जाईल, असं तिला खरोखर वाटायचं. हे तिने कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं नव्हतंच.

तीच पायल आता जर्मनीत, ड्रेस्डेनला संशोधन करत होती. पहिल्या थंडीत शालन रोज मेसेज करायची, पोचलीस का. तिकडे बर्फ असेल, अंधार असेल, पाय घसरला असेल, ट्राम चुकली असेल. एकदा पायल फोनवर म्हणाली, "आई, तू रोज पोचलीस का विचारतेस ना, मला आता वाटायला लागलंय की मी न पोचायलाच घरातून निघते. नको ना विचारूस." रागावली नव्हती. दमली होती. शालनने त्या दिवसापासून विचारणं सोडलं. रविवारी फोन यायचा, त्यात पायल सांगेल तेवढं ऐकायचं.

पुढच्या दिवाळीत पायल घरी येऊन गेली. जाताना आपला जुना कॅमेरा आईसाठी ठेवून गेली, तू ती सावल्यांची पाहणी करणार आहेस ना, मग घे. कॅमेऱ्याच्या पडद्यावर कोपऱ्यात वेळ दिसायची. ती ड्रेस्डेनची होती.

शालनने ती बदलली नाही.

कोपऱ्यात साडेसात झाले, की ती चपला घालायची. पुण्यात तेव्हा बारा वाजलेले असत. साडेसातला पायल खोलीला कुलूप लावते, हे तिला माहीत होतं. मग सगळं पाण्याखालून चालल्यासारखं व्हायचं. डोक्यावर ऊन आणि हातातल्या काचेत तिकडची काळोखी सकाळ. शालन उतार उतरायची तेव्हा पायल जिना उतरत असायची. यार्डाच्या बाजूने कांद्याच्या साली उडत यायच्या, पातळ, गुलाबी, आणि शालनच्या डोळ्यांपुढे त्यांचा रंग हळूहळू जायचा, पांढऱ्या होऊन त्या फुटपाथवर अलगद साचायच्या. पोत्याखाली वाकलेले हमाल "बाजू, बाजू" करत अंगावरून जायचे आणि त्या आवाजाच्या मागे कुठेतरी ट्रामची घंटा वाजायची. यार्डाच्या भिंतीलगत एक जुना शिरीष आहे. शालन तिथे पोचायची तेव्हा पायल थांब्यावर उभी असायची, टोपी कानांवर ओढून. शालन सावलीचा फोटो काढायची, कोपऱ्यातली वेळ बघायची आणि मनात म्हणायची, चढ आता, दार लागतंय. मग तीही भराभर पुढच्या सावलीकडे निघायची. आठ वाजून गेले की पायल पोचलेली असायची. मग शालनचं अंग सैल पडायचं आणि घामाने निथळणारी ती बाई भिंतीशी उभी राहून, थंडीतून आत आल्यासारखे हात चोळायची.

मार्चअखेरच्या एका रविवारी पायल फोनवर सहज बोलून गेली, "आज आमची घड्याळं तासभर पुढे गेली हं, आई." शालनने फोन ठेवला आणि कॅमेऱ्याचं घड्याळही तासभर पुढे केलं. तेव्हापासून कोपऱ्यात साडेसात व्हायचे, तेव्हा पुण्यात अकराच वाजलेले असत. ती अकराला निघायला लागली. बाबुरावांना वाटलं, ऊन वाढलंय म्हणून. "शहाणपण सुचलं म्हणायचं," ते म्हणाले. तिने त्यांना तसंच वाटू दिलं.

दसरा झाला, पाहणीचं वर्ष संपलं. सगळ्यांनी आपापले फोटो आणि डबे जमा केले. आणि त्यानंतर एका शुक्रवारी गटाच्या प्रमुख भाग्यश्री देव यांचा फोन आला. "रविवारी येऊन जा. कॅमेरा घेऊन या," एवढंच.

शनिवार पेठेतल्या त्या खोलीत एक लांब टेबल, तीन खुर्च्या आणि भिंतभर पुण्याचा नकाशा. तेजस लॅपटॉपशी बसला होता. भाग्यश्रीताईंनी चष्म्यावरून बघितलं.

"या. हे बघा. हा सहकारनगरचा रस्ता, ही कर्वे रोडची बाजू." पडद्यावर लाल ठिपक्यांच्या माळा होत्या, एकेक ठिपका म्हणजे एकेक फोटो. "आणि हा आपला मार्केट यार्डाचा भाग."

तिथे काहीच नव्हतं. कोरा रस्ता. वर बिबवेवाडीत मात्र एका इमारतीवर ठिपक्यांचा एवढा ढीग पडला होता, की त्याचा लाल गोळा झाला होता.

"इमारतीच्या या मागच्या कोपऱ्यात काय आहे आपलं?" भाग्यश्रीताईंनी विचारलं.

"स्वयंपाकघर," शालन म्हणाली. डबा तिथेच, खिडकीतल्या प्लगला रात्रभर चार्जिंगला असायचा.

"अच्छा. म्हणजे वर्षभर आपण ओट्याखालच्या सावल्या शोधत होतात. आम्ही उगाच तुम्हाला टोपी दिली."

तेजसने एक फोटो उघडला. मे महिन्यातला शिरीष, खाली दाट निळसर सावली. फोटोच्या पोटात काय लिहिलंय ते त्याने बाजूला दाखवलं: तापमान सत्तावीस, दमटपणा ब्याऐंशी.

"मेमध्ये, यार्डासमोर, सत्तावीस," भाग्यश्रीताई म्हणाल्या. "कमाल आहे. दमटपणा तर कोकणातला."

"तो कुकरचा असेल," शालनच्या तोंडून निघून गेलं. तिला तो क्षण दिसला. सकाळी साडेसातला कुकरची शिट्टी, खिडकीच्या काचेवर वाफ, आणि खिडकीतला डबा मुकाट्याने सगळं टिपतोय. शिरीषाच्या पोटात तिच्या घरच्या वरणभाताची वाफ जाऊन बसली होती.

"काकू, चूक कुठे आहे ते शोधू आपण," तेजस म्हणाला. "पण अहवाल आज संध्याकाळी महापालिकेकडे जातोय. जे फोटो जागेवर बसत नाहीत ते वगळायचं ठरलंय. एकाचे आकडे खोटे निघाले तर बाकीच्यांवर पण कोण विश्वास ठेवणार?"

"आणि हा भाग वगळला तर या रस्त्यासाठी छपराची, पाण्याची काहीच शिफारस नाही," भाग्यश्रीताईंनी पुढचं सांगून टाकलं.

शालन कोऱ्या रस्त्याकडे बघत राहिली. तिचं सगळं वर्ष तिथे असायला हवं होतं. आज संध्याकाळी ते राहणार होतं किंवा जाणार होतं.

"कॅमेरा बघू," तेजस म्हणाला. तिने तो देताना नकळत पडद्यावर हात ठेवला होता. तो काढावा लागला. तेजसने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "आत्ता पाऊण वाजलाय. यात सव्वानऊ. हे बघा, सापडलं. साडेतीन तास मागे आहे. म्हणून स्क्रिप्ट प्रत्येक फोटोसाठी डब्यातली सकाळची नोंद उचलतीये. सोपं आहे, सगळ्यांना साडेतीन तास मिळवतो. मूळ फोटो तसेच ठेवलेत, नकलांवर चालवतो."

त्याने स्क्रिप्ट चालवली. काळ्या चौकटीत फोटोंची नावं झरझर वर सरकायला लागली. नकाशा नव्याने उघडला, तेव्हा लाल गोळा फुटला होता आणि ठिपके उताराने खाली ओघळून यार्डाच्या भिंतीपर्यंत आले होते. शालनने श्वास सोडला. पण गोळा संपला नव्हता. अर्धा घरातच होता.

"अर्धी मंडळी अजून पोळ्या लाटतायत वाटतं," भाग्यश्रीताई म्हणाल्या.

तेजसने त्यांतले काही उघडून बघितले. "हे सगळे नोव्हेंबर ते मार्चचे. मधेच घड्याळ सरकलं का, काकू? बॅटरी संपली होती? जुन्या कॅमेऱ्यात होतं असं."

हो म्हणणं सोपं होतं. बॅटरी संपते, त्यात कुणाचा दोष नाही. "तसं झालं असेल तर?" तिने विचारलं.

"तर कधी सरकलं, किती सरकलं, काहीच सांगता येणार नाही. थंडीचे सगळे सोडून द्यावे लागतील."

थंडीचे. ज्या महिन्यांत तिकडे खरा बर्फ होता, ते. शालनने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं.

"बॅटरी संपली नव्हती," ती म्हणाली. "ते घड्याळ ड्रेस्डेनचं आहे. मुलगी राहते तिकडे. तिकडची घड्याळं मार्चच्या शेवटच्या रविवारी पुढे जातात. मी त्याच दिवशी हेही पुढे केलं. त्याआधी साडेचार तासांचा फरक होता." मग सुरू केलंच आहे तर, म्हणून तिने राहिलेलंही सांगितलं. साडेसात, कुलूप, जिना, थांबा. सांगताना ते इतकं लहान वाटलं, की तिने मधेच आवाज खाली आणला.

तेजस म्हणाला, "काकू, मोबाइलमध्ये दोन शहरांची घड्याळं लावता येतात."

"येतात. पण मोबाइल हातात आला की बोट मेसेज करायला जातं. तिला मी शब्द दिलाय, विचारणार नाही म्हणून. कॅमेऱ्यातून काही विचारता येत नाही."

भाग्यश्रीताईंनी चष्मा काढून पुसला. शालनने अंग आवरून धरलं होतं, पण त्या एवढंच म्हणाल्या, "उभ्या का आहात? बसा. तेजस, मार्चच्या शेवटच्या रविवारच्या आधीचे वेगळे काढ. त्यांना साडेचार."

स्क्रिप्ट पुन्हा चालू झाली आणि तेवढ्यात शालनचा फोन वाजला. रविवार होता.

"जयभीम, आई. कुठे आहेस? मागे कोण आहे?" पडद्यावर पायल, केस विस्कटलेले, उशीला टेकलेली.

"माझे फोटो दुरुस्त करतायत. तुझ्या घड्याळामुळे गोंधळ झाला." आणि दुसऱ्यांदा सांगताना ते सोपं गेलं. "मी तुझ्या वेळेने निघत होते ना. साडेसातला."

"साडेसातला काय असतं?"

"तू निघतेस."

पायल उठून बसली. "मी नाही गं साडेसातला निघत. जानेवारीपासून नाही. सकाळी लॅबमधलं ते यंत्र दुसऱ्या ग्रुपकडे असतं, मला दुपारनंतर मिळतं. मी दहापर्यंत झोपलेली असते."

"बोलली नाहीस कधी."

"तू विचारलंच नाहीस." मग हळू आवाजात, "मीच सांगितलं होतं, नाही का."

शालनच्या डोळ्यांपुढे तो थांबा आला. मग रोज तो जिना उतरत कोण होतं? कानांवर टोपी ओढून थांब्यावर कोण उभं राहायचं? एवढे महिने तिने एक रिकामा कोट सांभाळून ट्राममध्ये चढवला होता, त्याला बसायला जागा मिळाली का ते पाहिलं होतं, घसरू नये म्हणून त्याच्यापुढे चालली होती. आणि त्या सगळ्या सकाळी खोलीचे पडदे ओढलेले होते, आणि आत पोर भिंतीकडे तोंड करून गाढ झोपली होती.

"थंडी नाही ना वाजायची?" तिने विचारलं.

"रजईत कसली थंडी."

"मग बरंय," शालन म्हणाली, आणि तिला हसू यायला लागलं. आधी ओठांत, मग खांद्यांत. तिकडे पायललाही आलं. तेजसने मान लॅपटॉपमध्ये खुपसली.

"दात घास," शालनने तिला सांगितलं आणि फोन ठेवला.

ठिपके घरातून बाहेर पडले होते. गोळा विरळ होत होत नाहीसा झाला आणि कोऱ्या रस्त्यावर दाट माळ ओवली गेली. एकच ठिपका घरी राहिला. तेजसने उघडून बघितला: पहिल्या दिवशी, कॅमेरा चालतो का पाहायला काढलेला ओट्यावरच्या पातेल्याच्या सावलीचा फोटो. तो खरोखरच तिथला होता. मेमधल्या शिरीषाच्या पोटातली वाफ गेली होती. उन्हातल्या फोटोत एकेचाळीस, झाडाखालच्यात पस्तीस.

"एवढा फरक," भाग्यश्रीताई पडद्याजवळ वाकून म्हणाल्या. "बाकी कुठे नाही मिळाला. हा भाग राहतो." आणि सरळ होत, "पुढच्या वर्षीही आपण करणार असाल तर आम्हाला हवंच आहे. पण ते घड्याळ—"

"हो," शालन म्हणाली.

तिने कॅमेरा मांडीवर घेतला. बटण दाबत मेनूत गेली, तारीख, वेळ. आकडे चढवताना तिचा अंगठा दहावर जरासा थांबला, अकरावर थांबला नाही. भिंतीवरच्या घड्याळाशी मिळवून तिने ओके दाबलं. काही झालं नाही. कोपऱ्यात फक्त पुण्यातली दुपार आली.

दुसऱ्या दिवशी पाहणी नव्हती, डबाही नव्हता. तरी बारा वाजता तिने चपला घातल्या.

उतारावर कांद्याच्या साली उडत होत्या आणि त्या सालीच राहिल्या. हमाल ओरडत होते, त्यांच्यामागे टेम्पोचा हॉर्न होता, त्याच्यामागे काही नव्हतं. कुणालाही कुठे पोचवायचं नव्हतं. हात मोकळे पडल्यासारखी ती चालत राहिली, आणि इतकी हळू चालली की शिरीष कधी आला ते कळलं नाही. सावलीत लिंबांची टोपली घेऊन एक बाई बसली होती. ती वर्षभर तिथेच बसत असणार. शालनने तिला आज बघितलं.

"फोटो काढून पळनाऱ्या बाई तुमीच ना?" ती म्हणाली. "म्या म्हनलं, ही बाई झाडावर डोळा ठेवून हाय. तोडाय-बिडायचं हाय का काय."

"नाही हो. सावली किती गार आहे ते बघायचं होतं."

"मग बसल्याबिगर कसं कळंल?" तिने पोतं पसरून अर्धं शालनसाठी सोडलं. आपलं नाव दुर्गाबाई, असं न विचारताच सांगितलं.

शालन बसली. मातीचा गारवा पोत्यातून वर आला. वर बारीक पानं हलत होती आणि सगळ्या अंगावर उजेडाचे ठिपके जागा बदलत होते. आत्ता तिकडे नऊ वाजत आले, तिने सवयीने हिशोब केला. नऊ म्हणजे पडदे ओढलेले. पायलसोबत जायला निघालेलं मन दारापर्यंत गेलं, आत शांत श्वास ऐकला आणि उंबऱ्याशीच टेकलं. दुर्गाबाई कुणाशी तरी लिंबांचा भाव करत होती. तो आवाज लांब गेला, मग आणखी लांब.

ऊन कलायला लागलं तसं ते पानांच्या कडेने खाली उतरलं आणि झोपलेल्या शालनच्या पायांवर आलं. दुर्गाबाईने बघितलं, आणि आपली टोपली उचलून उन्हाच्या बाजूला ठेवली.